जामच्या दोन काठांसाठी एक पडदा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यातल्या सगळ्या वाटा जाम नदीकडे वळतात. पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्याच्या टोकाला झेंडा. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. तो झेंडा कोण काढणार, यावरून दोन्ही काठांवरून गोटे सुटतात, ते दिवस कलेपर्यंत. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला आणि दोघं नदीत अडकले, तेव्हापासून ही गोटमार सुरू झाली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. कोणाचं डोकं फुटतं, कोणाचा डोळा जातो. काहींचे जीवही गेले आहेत. प्रशासनानं जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. पण गोटे थांबले नाहीत. झेंडा चंडीमातेला अर्पण झाला की गोटमार संपते, आणि मग दोन्ही काठांची माणसं पुन्हा एकाच बाजारात भाजी घेतात.

म्हणजे इथे वैर नाही, चुरस आहे. आणि चुरशीला दुसऱ्या कामाला जुंपता येतं, हे फुटबॉलवेड्या गावांनी करून दाखवलं आहे.

कोलकात्याचं उदाहरण घ्या. मोहन बागान 1889 चा, ईस्ट बंगाल 1920 चा. या दोन संघांवरून तिथे घरात दोन तट पडतात. ईस्ट बंगाल जिंकला की त्याच्या चाहत्यांच्या घरी हिल्सा शिजतो, मोहन बागान जिंकला की कोळंबी. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर या दोघांचा सामना होता. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली, पंचांनी दोघांनाही बाहेर काढलं आणि प्रेक्षकांत दगडफेक, पळापळ, चेंगराचेंगरी झाली. 16 जण सामना बघायला गेले, ते घरी परतलेच नाहीत. कोलकात्यानं हा दिवस विसरून टाकला नाही. दरवर्षी 16 ऑगस्टला तिथे फुटबॉलप्रेमी दिन पाळतात आणि त्या दिवशी रक्तदान शिबिर भरतं. ज्या तारखेला रक्त सांडलं, त्याच तारखेला ते आता दुसऱ्यासाठी दिलं जातं.

ग्लासगोतली गोष्ट आणखी जुनी आहे. 1887 साली ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूंनी शहराच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा राहावा म्हणून सेल्टिक हा क्लब काढला. 28 मे 1888 रोजी त्यांचा पहिला सामना झाला, तो त्याच शहरातल्या रेंजर्सशी. सेल्टिकनं तो 5-2 असा जिंकला. पुढे या दोन संघांची चुरस इतकी पेटली की जगभर तिचा दाखला देतात, पण सेल्टिकच्या मुळाशी भुकेल्या पोरांचं ताट होतं.

लिव्हरपूल शहरात लाल लिव्हरपूल आणि निळा एव्हर्टन यांच्या मैदानांमध्ये बरीच वर्षं फक्त एक बाग होती, जशी इथे मध्ये नदी. 2015 साली दोन्हीकडच्या चाहत्यांनी मिळून सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर गरजूंसाठी अन्नाचे डबे गोळा करायला सुरुवात केली. भूक क्लबचा रंग बघत नाही, हे त्यांचं म्हणणं. लाल आणि निळा मिसळून होणारा जांभळा रंग त्यांनी आपल्या कामासाठी घेतला.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर नागपूर जवळ आहे. तिथे विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि 2001 साली झोपडपट्टी फुटबॉल उभं केलं. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ हा 2022 चा चित्रपट त्यांच्याच कामावर बेतलेला आहे. संत्र्याच्या या पट्ट्याला फुटबॉल परका नाही.

मग पांढुर्णा आणि सौंसर यांना काय करता येईल? ऑक्टोबर 2023 पासून या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला आहे. कोलकात्याचा मोठा सामना असेल त्या संध्याकाळी एका सभागृहात पडदा लावावा. दाखवण्याआधी वाहिनीची परवानगी घ्यावी, तेवढी कागदपत्रं रीतसर हवीत. अर्धे लोक ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या बाजूचे, अर्धे मोहन बागानच्या हिरव्या-मरून बाजूचे. पांढुर्णेकरांनी एक संघ उचलावा, सावरगावकरांनी दुसरा, आणि सौंसरकरांनी मोजदाद ठेवावी. दाराशी दोन दानपेट्या, दोन रंगांच्या. कोणाच्या पेटीत जास्त जमलं, हे सामना संपल्यावर सर्वांसमोर मोजून सांगावं. घोषणा खुशाल द्याव्यात, घसा बसेपर्यंत.

जमलेला पैसा कशाला, याचं उत्तर इथल्याच घरांत आहे. विदर्भात आणि मध्य प्रदेशच्या आदिवासी भागात सिकलसेलचा आजार मोठा आहे. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि पोराचे हातपाय असह्य दुखतात. काही रुग्णांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून झाली. तपासणीला, औषधाला, इस्पितळाच्या फेऱ्यांना पैसा लागतो. आणि पैशानं भागत नाही तिथे रक्त लागतं.

म्हणून त्या सभागृहाच्या शेजारच्या खोलीत, सामन्याआधी, रक्तपेढीच्या चार खाटा असाव्यात. एका वेळी साधारण 350 मिलिलिटर रक्त घेतात, त्याला दहाएक मिनिटं लागतात. जाम नदीत आजवर किती रक्त वाहून गेलं, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. या खाटांवर दिलेल्या प्रत्येक पिशवीवर मात्र गट आणि तारीख लिहिलेली असेल. पांढुर्णा, सावरगाव आणि सौंसरच्या तरुणांनो, यंदाच्या पोळ्याआधी रक्तदात्यांच्या यादीत आपलं नाव लिहा, आणि पलीकडच्या काठावरच्या एका मित्राला सोबत घेऊन या.