रानातला मुक्काम

(जिल्ह्यातल्या महिला गटांच्या वार्षिक बैठकीत केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मला विषय दिला होता 'किशोरी शिबिराचे अनुभव'. शिबिरात काय झालं त्याचा अहवाल तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी वाचला आहे. मला आज त्याच्या आधीचं सांगायचं आहे, शिबिराची जागा शोधताना जे झालं ते. दोन रात्रींच्या मुक्कामासाठी आम्हाला सहा आठवडे लागले.

उघड्यावर मुक्काम करायची कल्पना माझी नव्हती. आमच्या गटात चौदा ते सतरा वयाच्या बावीस मुली आहेत. शाळेची खोली, मंगल कार्यालय, देवळाचा सभामंडप, सगळीकडे त्यांची शिबिरं झाली. 'पुढचं शिबिर कसं हवं?' म्हणून चिठ्ठ्या घेतल्या, तर एकीने लिहिलं, 'डोंगरात. वर छत नको.' वाचून दाखवल्यावर सगळ्याच ओरडल्या. मी समाजकार्यात एम.ए. केलं, दोन वर्षं क्षेत्रकार्य केलं, गटकार्याचे टप्पे मला झोपेतही पाठ आहेत. पण बायकांनी रात्री उघड्यावर झोपायला जागा कशी निवडायची, हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

आपला जिल्हा जंगलाचा नाही. राज्यात वनक्षेत्र अगदी कमी असलेल्या जिल्ह्यांत आपली गणती होते. पण बालाघाटाची रांग आपल्याकडून जाते, तिच्या उतारांवर धावडा, पळस, हिवर, सीताफळ अजून तग धरून आहे. सगळ्यांना आधी सुचलं ते येडशीचं रामलिंग. ते अभयारण्य १९९७ सालचं, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. चौकशी केली तेव्हा कळलं की अभयारण्यात शिरायलाच १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते, मग बावीस मुलींना घेऊन रात्र काढण्याची बातच सोडा. राखीव जंगलात चूल पेटवण्यावर १९२७ च्या वन कायद्याची बंदी. हे नियम मला जाचक वाटले नाहीत. फेब्रुवारीत गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पुरते.

आणि त्यात वाघ! डिसेंबर २०२४ मध्ये रामलिंगच्या जंगलातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला. गावोगाव त्याचीच चर्चा. आम्ही पालकांच्या बैठका घेत होतो तेव्हा प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, वाघ आलाय, पोरी कुठं नेता?" मी म्हणायचे, आपण तिकडे जातच नाही, तुळजापूरच्या बाजूला बघतोय. तरी चेहरे सैल होत नव्हते. शेवटी एका आईनेच स्पष्ट सांगितलं, "वाघाचं काय न्हाय वो. मान्साचं भ्या हाय." त्यानंतर बैठकीत वाघ निघाला नाही. ज्याला भीतीचं खरं नाव घ्यायचं नव्हतं त्याला वाघ सोयीचा होता.

मग मी नकाशा काढला. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे आता संगणकावरून फुकट उतरवून घेता येतात. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. उंचीच्या रेघा दाट असतील तिथे चढ, विरळ असतील तिथे सपाटी. आपले डोंगर काळ्या दगडाच्या थरांचे, पायऱ्या-पायऱ्यांचे, म्हणून मध्येमध्ये सपाट पट्टे सापडतात. पाण्याचं मात्र जपून वाचावं लागतं. त्या नकाशात निळं म्हणजे बारमाही पाणी आणि काळी रेघ म्हणजे पावसापुरता ओढा. आमच्या नकाशावर काळ्या रेघांचं जाळं होतं, निळं शोधावं लागत होतं.

तरी एक जागा सापडली. ओढ्याकाठी, सपाट, वाळूची, वर करंजाची सावली. मुलींना नेण्याआधी एक रात्र आपण राहून बघू, म्हणून आम्ही तिघी कार्यकर्त्या गेलो. चहा केला, गाणी म्हटली, स्वतःवर खूश होऊन आडव्या झालो. साडेअकराच्या सुमाराला दिवे दिसले. ट्रॅक्टर. मागे मोटारसायकली. आम्ही झोपलो होतो ती वाळूची वाट होती, आणि ती वाळू रात्रीच निघायची. "कोण हाय रं तिथं?" असा आवाज आल्यावर आम्ही उत्तर दिलं नाही. पथारी गुंडाळून झाडीतून सटकलो आणि तीन किलोमीटर चालून डांबरी रस्त्याला लागलो. नकाशात ट्रॅक्टर दाखवत नाहीत. तिघींतल्या एकीने घरी अजून हे सांगितलेलं नाही, म्हणून नावं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना रस्त्याकडेच्या एका पडीक रानात धनगरांचा वाडा उतरलेला दिसला. वाडा म्हणजे इथे दगडी वाडा नव्हे हं, शहरातल्या मैत्रिणींसाठी सांगते. मेंढरं, घोडी, पालं, पोरंबाळं असा चालता संसार. आम्ही चहाच्या आशेने गेलो. साठीच्या एका मावशींनी आमची कथा ऐकली आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "वढ्यात कोन निजतं का, लेकी?" म्हणाल्या.

मग त्या सांगत गेल्या. मी त्या दिवशी वही काढली नाही, रात्री आठवून लिहिलं. त्या म्हणाल्या, ओढ्याच्या पात्रात पाल टाकायचं नाही, वर डोंगरात पाऊस झाला तर खाली कळत नाही. पाण्याच्या अगदी कडेलाही नाही, कारण रात्री ते पाणी जनावरांचं असतं, त्यांची वाट अडवायची नाही. दगडांच्या राशीजवळ नाही, तिथं फुरसं असतं. एकट्या उंच झाडाखाली नाही. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली ती त्यांना चांगली आठवत होती. उन्हाळा लांब आहे म्हणून आभाळावर विसंबायचं नसतं. आधीच्या कुणाच्या चुलीचे तीन दगड आणि राख दिसली तर तिथं थांबून बघायचं. कुणीतरी विचार करून निवडलेली जागा असते ती. आणि गाव किती लांब असावं? "कुत्र्याचं भुकनं ऐकू यावं, पन मान्साचं बोलनं न्हाई."

मी विचारलं, जागा ठरवतं कोण? त्या म्हणाल्या, गडी पुढे जाऊन रानवाल्याशी बोलतात, मेंढरं बसवायचे पैसे किंवा धान्य ठरवतात. म्हणजे वाटाघाट पुरुषाची. पण पाल नेमकं कुठं पडणार, चूल कुठं, वाघर कुठून कुठे बांधायची, हे बाई ठरवते. कारण पहाटे अंधारात बाईला कुठं जायचं ते बाईलाच माहीत. "आडोसा बघूनच मी घोड्यावरनं बोजा उतरीवते," मावशी म्हणाल्या. आपल्या एकाही शिबिराच्या नियोजनात 'आडोसा' हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर नसतो. माझ्या यादीत तो 'इतर सुविधा' मध्ये होता.

कायद्याचंही सांगते. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा चराईचा आणि हंगामी वापराचा हक्क मान्य केलेला आहे, शब्दांत. पण दावा कुठल्या गावच्या ग्रामसभेत मांडायचा, ज्यांचं वर्ष बारा गावांच्या शिवारात जातं? मावशींना मी या कायद्याबद्दल सांगायला लागले, तर त्यांनी विचारलं, "मग ह्या सालचं गायरान कुनाकडं गेलंय ते सांगशील का?" मला सांगता आलं नाही. त्यांच्या वाटेवरची कितीतरी गायरानं आता नांगराखाली किंवा तारेच्या कुंपणात आहेत. त्यांची मुक्कामाची जागा दरवर्षी रस्त्याच्या कडेला सरकते आहे.

आता मुलींचं. जागा पाहायला आम्ही चार मुलींनाही नेऊ लागलो. त्यातली एक ऊसतोडीच्या कुटुंबातली. यंदा पहिल्यांदा ती हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात आजीजवळ राहिली होती, एरवी दिवाळीनंतर आईबापाबरोबर कारखान्यावर. बाकीच्या तिघी डोंगर बघून हरखल्या होत्या आणि ही गप्प. विचारलं तर म्हणाली, "ताई, आमी सहा म्हैने उघड्यावरच असतो. कोपीत. त्याला कुनी शिबिर म्हनत न्हाई."

मला काही बोलता आलं नाही. आपण 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं पत्रकात छापलं होतं. या मुलीने पाचटाच्या कोपीत जन्म काढला, पहाटे तीनला आई फडात गेल्यावर धाकट्या भावाला सांभाळलं. तिच्या आईबापाला कोपीची जागा निवडता येत नाही. मुकादम दाखवेल तिथे, कारखान्याच्या किंवा फडाच्या कडेला, शंभर कोप्यांच्या गर्दीत, चिखलात. आडोसा नाही, न्हाणी नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. आपण त्यावर मोर्चे काढले, आरोग्यावर बोललो. पाणी आणि आडोसा नसलेल्या जागेत सहा महिने पाळी काढणं हा त्या गोष्टीतला किती मोठा भाग आहे, यावर कमी बोललो.

शिबिर रद्द करावं असं मला वाटलं. तिनेच नको म्हटलं. "मला जागा निवडायची हाय," म्हणाली. मग उरलेले दोन आठवडे ती पुढे आणि आम्ही मागे. उतार बघायला ती बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतायची. वारा कुठून येतो ते धुळीच्या चिमटीने बघायची. दोन चांगल्या दिसणाऱ्या जागा तिने मोडीत काढल्या. एकीकडे दारूच्या बाटल्यांच्या काचा होत्या, म्हणजे पुरुष तिथे बसायला येतात.

सापडली ती जागा एका विधवा बाईच्या कोरडवाहू रानाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायरीवर. खाली तिचं घर, हाकेच्या टप्प्यात. विहिरीला पाणी. आम्ही त्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "रान माझं हाय, या." नवरा गेल्यावर तीन वर्षं तलाठ्याकडे खेटे घालून त्यांनी वारसनोंद करून घेतली होती, सातबारावर नाव होतं. पहिल्या संध्याकाळी आम्ही चादरी पसरतोय तोवर त्यांचे दीर आले, बरोबर दोघे. "कुणाच्या परवानगीनं?" मुली एकमेकींना चिकटल्या. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात ताई घरातून प्लास्टिकच्या पिशवीतला उतारा घेऊन चढण चढून आल्या. वाद घातला नाही. बॅटरीच्या उजेडात कागद धरला, एवढंच. दीर निघून गेले. जाताना म्हणाले, "ह्या दोन दिसांनी जातील, मग बघू."

ताई त्या रात्री आमच्यातच झोपल्या. मुली दोन वाजेपर्यंत तारे बघत जाग्या होत्या. पहाटे मला जाग आली तर ऊसतोडवाली मुलगी एकटीच बांधापर्यंत जाऊन परत येत होती, बॅटरी न लावता.

त्या दिरांचं बोलणं आम्ही विसरलेलो नाही. दर महिन्याला गटातली एकजण ताईंकडे मुक्कामाला जाते. मागच्या महिन्यात बांध कोरायला सुरुवात झाली आहे, मोजणीसाठी अर्ज दिला आहे. तालुक्यातल्या मैत्रिणींनी तारखेला बरोबर यावं, एकटीने गेलं की कर्मचारी पुढची तारीख देतो.

आणि एक काम. मी एक वही आणली आहे, चहाच्या टेबलावर ठेवली आहे. तुमच्या भागातल्या अशा जागा त्यात लिहा: पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, आडोसा कोणत्या बाजूला, रान किंवा गायरान कुणाच्या नावावर, वाड्यांचा मुक्काम पूर्वी तिथे पडत होता का आणि कधी थांबला. जिथे रात्री ट्रॅक्टर येतात त्याही लिहा. लिहिता येत नसेल तर जेवणाच्या सुट्टीत मला सांगा, मी लिहून घेते.