'तास आहे' म्हटलं की फोन ठेवतात



निवेदिकेनं माझी ओळख 'प्राध्यापिका आणि अभियंता' अशी करून दिली, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "नक्की काय?" दोन्ही. आठवड्यातले दोन दिवस मी तासिका तत्त्वावर स्ट्रक्चर शिकवते. उरलेल्या दिवसांत इमारतींची डिझाइनं करते, कुणाची नोकरी न करता.

स्वतंत्र व्यवसाय म्हणजे आपल्या मर्जीचा कारभार, असं तुम्हाला वाटत असेल. बिल्डरचा फोन रविवारी सकाळी येतो. "मॅडम, उद्या स्लॅब आहे, ड्रॉइंग आजच लागेल." घरी मुलीला ताप आहे, हे त्याला पटत नाही. "कॉलेजात तास आहे" म्हटलं, की मात्र गडी निमूट फोन ठेवतो. गुरुजींचा धाक अजून शिल्लक आहे म्हणायचा! वेळापत्रकातल्या त्या दोन दिवसांमुळेच बाकीच्या कामांना 'नाही' म्हणायला मी शिकले.

दोन्ही करण्याचा फायदा वेळेपुरता नाही. आयएस ४५६ या भारतीय मानकात कॉलमच्या सळयांना काँक्रीटचं ४० मिमी कव्हर सांगितलंय. पुस्तकात ती एक ओळ. साइटवर रिंगांना कव्हर ब्लॉक बांधायचे राहून जातात, सळई थेट शटरिंगला टेकते. पुढे ओल शिरते, सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. असल्या कॉलमचे फोटो मी वर्गात दाखवते. आणि वर्ग मला काय देतो? "मॅडम, इतकंच स्टील का?" असं कुणी विचारलं, की "ईटॅब्स सॉफ्टवेअरनं दिलं म्हणून" हे उत्तर तिथे चालत नाही. हातानं गणित करून दाखवावं लागतं.

पैशाचंही बोलते, कारण स्टेजवरून ते कुणी बोलत नाही. तासिकेचं मानधन तासांवर मिळतं, सुट्टीत शून्य. डिझाइनची बिलं महिनोन् महिने अडकतात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. पूर्णवेळ प्राध्यापक झालात, तर बाहेरचं काम घेण्याआधी संस्थेची परवानगी घ्या.

पास झाल्या झाल्या तर ही दुहेरी वाट मुळीच धरू नका. व्यवसायातल्या लोकांना शिकवता यावं म्हणून यूजीसीनं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय केली. त्याला पीएचडी लागत नाही, पण क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. तेव्हा आधी साइटवरची धूळ खा.

आता थांबते. विंगेत नाटकवाली मुलं मेकअप करून ताटकळलीत, आणि त्यातल्या दोघांची उद्या सकाळी माझ्याकडे तोंडी परीक्षा आहे.