दारावरचं आडनाव

(युरोपात शिकायला निघालेल्या मराठी विद्यार्थ्यांसमोर चेन्नईत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण आता जर्मनीला निघाले आहेत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे सुमारे ४९,००० भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठी संख्या आपलीच. त्यामुळे व्हिसा, बँक खातं, थंडीचे कपडे यांची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. आपल्यासारख्यांना तो देश पहिल्या काही आठवड्यांत कसा दिसतो, हे मात्र कोणी सांगत नाही. मी तेवढंच सांगणार आहे.

मी परभणी जिल्ह्यातली. आमच्याकडे ओळख झाली की पहिला प्रश्न येतो, "पूर्ण नाव काय?" नुसतं नाव सांगून भागत नाही. खोली भाड्याने बघताना विचारतात, एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा विचारते. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

एम.ए.साठी मी चेन्नईला आले, तर इथे लोकांना आडनावच नाही. नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, बस्स. १९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातिवाचक उपाधी टाकून देण्याचा ठराव झाला. पेरियारांनीही स्वतःच्या नावामागचं 'नायकर' सोडलं. ही या चळवळीची फार मोठी कमाई आहे. पण इथे राहिलेल्यांना माहीत आहे, जातीने दुसरी वाट काढली. इथे विचारतात, "तुमचं ऊर कुठलं?" मग विचारतात, कुठली गल्ली. तमिळ गावात ऊर वेगळं आणि चेरी वेगळी, जसं आपल्याकडे गाव वेगळं आणि गावकुसाबाहेरची वस्ती वेगळी. प्रश्न बदलला, पण ज्यासाठी विचारतात ते बदललं नाही.

हा धडा घेऊन मी जर्मनीत उतरले. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. बेलच्या बटणाशेजारी आणि पत्रपेटीवर आडनाव लावावं लागतं. बँकेचं कार्ड, विम्याचे कागद, सगळं टपालाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. कचेरीत हाकही आडनावानेच, पुढे 'फ्राऊ' किंवा 'हेर' लावून. जे आडनाव मी आयुष्यभर दबक्या आवाजात सांगितलं, ते आता रस्त्यावरून दिसेल असं दारावर होतं. आणि ते वाचून कोणाला काही कळत नव्हतं! उच्चार कसा करायचा, एवढीच त्यांची अडचण. माझ्या एका तमिळ मित्राच्या बेलवर त्याच्या वडिलांचं नाव होतं. पासपोर्टात आद्याक्षर उलगडून तेच आडनाव झालेलं.

पहिले काही आठवडे अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. तुम्हालाही वाटेल. त्याची लाज बाळगू नका. बाबासाहेबांनाही ते वाटलं होतं. अमेरिका आणि युरोपातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलंय. १९१७ साली नोकरीसाठी ते बडोद्याला गेले, आणि राहायचं कुठे या पहिल्याच प्रश्नाने ती जाणीव परत आणली. पारशी धर्मशाळेत खरी ओळख लपवून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. तरीही हा माणूस पुन्हा लंडनला गेला, आणि तिथून १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात शिकण्यासाठी त्यांनी जर्मन भाषेत अर्ज लिहिला. त्याच वर्षी तिथे नाव नोंदवलं. पण हजर राहणं जमलं नाही, म्हणून पुढच्या वर्षी ते पटावरून कमी झालं. तुम्ही जिथे निघालात, तिथे शंभर वर्षांपूर्वी त्यांचं नाव लागून गेलेलं आहे.

तर ते हलकं वाटणं खरं आहे. पण ते कशामुळे आहे, हे नीट बघा. तिथल्या लोकांनी जात संपवलेली नाही, त्यांना ती वाचता येत नाही. रंग त्यांना वाचता येतो. परकं आडनावही वाचता येतं, भाड्याचं घर शोधायला लागलात की कळेल. आणि जात वाचता येणारे लोक त्याच विमानातून तुमच्यासोबत उतरलेले असतात.

आमच्या विद्यार्थी-वसतिगृहात स्वयंपाकघर सामायिक होतं. दुसऱ्या महिन्यात एक भारतीय मुलगी राहायला आली. बेलवरचं आडनाव वाचून तिने विचारलं, "महाराष्ट्रातली का? गाव कुठलं?" आठवड्याभरात तिची भांडी वेगळ्या कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं. मी हात लावलेला तवा ती पुन्हा घासायची. मी वसतिगृहाच्या कचेरीत तक्रार केली. तिथल्या बाईंनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे त्या शाकाहारी आहेत का?"

त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे शब्द नव्हता. जर्मनीत २००६ पासून भेदभावविरोधी कायदा आहे. त्यात वंश, लिंग, धर्म, अपंगत्व, वय, लैंगिकता आहे, जात नाही. अमेरिकेत सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. तिथल्या लोकांनी लढून तो शब्द कायद्यात घातला, तेव्हा कुठे तो आला. मी एका पानावर साध्या जर्मनमध्ये लिहून दिलं: तवा, कपाट, आडनाव आणि त्यांचा संबंध. त्यानंतर कचेरीने स्वयंपाकघरातली भांडी सर्वांसाठी एकत्र ठेवायचा नियम लावला. एवढंच झालं. पण तेवढ्यासाठीही ते पान लिहावं लागलं.

आणि हे पान लिहू शकणाऱ्यांचीच वाट अडवली जातेय. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे आपल्या मुलांनी परदेशात इंजिनीअर व्हावं, पण जातीवर संशोधन करू नये. तुमच्यातले बहुतेक जण तंत्रज्ञान शिकायला चाललेत. म्हणून हे काम तुमच्याही वाट्याला येणार आहे, विषय कुठलाही असो.

तेव्हा तीन गोष्टी करा. भाषा इथेच, चेन्नईत असताना पक्की करा. घर मिळवण्याइतकी पुरत नाही, तक्रार लिहिता येईल इतकी हवी. दुसरं, काही घडलं तर तारीख टाकून लिहून ठेवा, त्याच दिवशी. तिसरं, आपल्यातलं कोणी नवीन येत असेल तर त्याला घ्यायला स्टेशनवर जा. पहिल्या आठवड्यात एक जेवण आपल्या माणसाच्या घरी झालं, की पुढचं सोसायला बळ येतं.

आडनाव दारावर पूर्ण लिहा, आद्याक्षरात लपवू नका. ज्याला ते वाचता येतं, त्यालाही वाचू द्या.

जय भीम, जय सावित्री.