जुनें ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्स

जालना शहरास मोडीचें मोल कोणीं सांगावयास नको. ठिकठिकाणचें जुनें लोखंड येथील भट्ट्यांत वितळतें आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडतें. संगणकाची गोष्ट निराळी. त्याच्या पेटीचा पत्रा वितळेल. परंतु आंतील ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचें चित्र घडविणारा भाग, वितळवून त्याचें दुसरें कार्ड होत नाहीं. तें चालवावें, नाहीं तर टाकावें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नेहमींची देखभाल थांबविली, आणि विंडोज ११ च्या अटींत दहा-बारा वर्षांपूर्वींचें यंत्र बसत नाहीं. जालना-अंबडकडील ज्या घरीं असें यंत्र मुलांच्या अभ्यासासाठीं ठेविलेलें असेल, त्या घरास लिनक्स हाच सरळ मार्ग उरतो.

या मार्गावर पहिली ठेंच लागते ती काळ्या पडद्याची. लिनक्स घालून यंत्र सुरू करावें, तों पडद्यावर कांहींच नाहीं. घरचीं माणसें समजतात, कार्ड जळालें. बहुधा तें धडधाकट असतें. त्याची भाषा जाणणारा दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा आंत नसतो.

हा दुभाष्या नाहींसा कां व्हावा? लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्सच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. त्याची नवी आवृत्ति दर नऊ-दहा आठवड्यांनीं निघते आणि आंतील रचना थोडीबहुत बदलते. जे ड्रायव्हर कर्नलच्या घरांतच राहतात, त्यांची डागडुजी बदल करणारेच करितात. बाहेर राहणाऱ्याची काळजी ज्याची त्यानें वाहावी. एनव्हिडिया कंपनीनें आपला ड्रायव्हर झांकून बाहेर ठेविला. जीफोर्स ८ व ९ या मालिकांसाठीं तिची ३४० ही शाखा होती. तिची शेवटली आवृत्ति डिसेंबर २०१९ ची. ४०० व ५०० मालिकांची ३९० ही शाखा २०२२ अखेर थांबली आणि ६०० व ७०० मधील बहुतेक कार्डांची ४७० ही शाखा २०२४ सालीं. कार्डें झिजलीं नव्हतीं. कंपनीचें लक्ष उडालें होतें.

एटीआय कंपनीच्या कार्डांचें नशीब बरें निघालें. २००६ सालीं एएमडीनें ती कंपनी घेतली आणि पुढच्याच वर्षापासून कार्डांची आंतील माहिती प्रसिद्ध करावयास आरंभ केला. त्यामुळें २००९ सालचें रेडिऑन एचडी ५००० मालिकेचें कार्ड आजच्या कर्नलवर बहुधा कांहीं खटपट न करितां चालतें.

एनव्हिडियाच्या कार्डांसाठीं कांहीं जिद्दी मंडळींनीं दुसरा उपाय केला. कागदपत्रें मिळत नाहींत, तर कार्डाचें वर्तन निरखून त्यांनीं ‘नूवो’ हा ड्रायव्हर रचिला. २०१० सालीं तो कर्नलमध्यें आला. हें काम कुलूप पाहून किल्ली घडविण्याइतकें चिकाटीचें. त्यांत उणीव आहे, ती अशी कीं कार्ड पुष्कळदां मंद गतीनेंच चालतें, आणि २०१४ च्या अखेरीपासूनच्या कार्डांत तर कंपनीच्या सहीवांचून गति वाढवितां येत नाहीं.

मग घरीं काय करावें? कंपनीची ३४० शाखाच हवी असा हट्ट धरला, तर कर्नल ५.४ च्या पुढें जातां येत नाहीं, आणि ५.४ ची देखभाल डिसेंबर २०२५ मध्यें संपली. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, तेथें हा सौदा महागाचा. लेखन, वाचन व चित्रपट यांसाठीं नूवो पुरेसा आहे. भारी खेळांचा मोह सोडावा. अति जुन्या कार्डांचा मात्र लोभ नको: व्हूडू व रेज १२८ यांचे ड्रायव्हर २०२३ सालच्या ६.३ कर्नलांतून काढून टाकण्यांत आले.

काळा पडदा दिसल्यास प्रारंभींच्या यादींत कर्नलच्या ओळीपुढें ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहावा; साधें चित्र उमटतें. मग ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देऊन कार्डाचें नांव पाहावें आणि त्याप्रमाणें ड्रायव्हर निवडावा. तो बसला कीं तो शब्द आठवणीनें काढावा. राहिला तर नूवो व रेडिऑन दोघेही कामास लागत नाहींत, आणि मंदपणाचा दोष उगाच कार्डाच्या माथीं बसतो.