‘माझे घर’ : दुरुस्त प्रत
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘शाळेच्या गमतीजमती सांग,’ असं म्हणून मला दहा मिनिटं दिली आहेत. पण गमती सांगायला माझ्यापेक्षा वस्ताद मंडळी इथे बसली आहेत. मी एका निबंधाबद्दल बोलणार आहे.

१९८४ साली, सातवीत, बाईंनी ‘माझे घर’ हा निबंध दिला होता. वीसपैकी अठरा गुण मिळवून माझा निबंध पहिला आला. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, दुसऱ्या तुकडीतही पाठवला. काहींना आठवत असेल. त्या घराला ओसरी होती, अंगणात तुळशीवृंदावन आणि पारिजातक. आजी संध्याकाळी परवचा म्हणून घ्यायची, बाबा आरामखुर्चीत पेपर वाचायचे, आई देवघरात समई लावायची.

यातलं काहीही माझ्या घरी नव्हतं. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आमची दहा बाय बाराची पत्र्याची खोली होती. वडील भुसार बाजारात हमाली करायचे. आई नवी पेठेत चार घरची धुणीभांडी करायची. निबंधातलं घर त्या चारांपैकी एक होतं, आणि आज इथे समोर बसलेल्या माझ्या एका मैत्रिणीचं होतं. हे सांगू का, असं मी तिला काल फोनवर विचारलं. ती म्हणाली, “सांग की. मला तेव्हाच कळलं होतं. पारिजातक आमचाच होता.”

त्या दिवशी घरी जाऊन मी आईला निबंध वाचून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. भाकऱ्या थापता थापता तिनं सगळा ऐकला आणि म्हणाली, “लई चांगलं लिवलंस. ही फरशी तर म्या रोज पुसती. पर ह्यात आपण कुठं हाय?”

मला उत्तर देता आलं नाही. मी रागावून वही दप्तरात टाकली.

मला घराची लाज वाटायची का? वाटायची, नाही म्हणत नाही. पण नुसत्या लाजेपोटी मी तसं लिहिलं नव्हतं. निबंधातलं घर तसंच असतं, अशी माझी खरोखर समजूत होती. कारण शाळेच्या कपाटातली जवळजवळ सगळी गोष्टीची पुस्तकं मी वाचली होती आणि त्यातली बहुतेक घरं तशीच होती.

गैरसमज नको. त्या पुस्तकांनी मला वाढवलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायचा, पण मूळचा फुरसुंगीचा. फुरसुंगी! तिथे माझी आत्या राहायची. आपल्याला ठाऊक असलेलं गाव छापील पुस्तकात येऊ शकतं, हे मला त्या पानावर पहिल्यांदा कळलं. मग मी ते पुस्तक पुन्हा पुन्हा घरी नेलं. एका गावाच्या नावानं एवढं होऊ शकतं!

‘श्यामची आई’ मी रडत वाचलं. त्यात एका म्हातारीला जड मोळी उचलवत नाही आणि ती अस्पृश्य म्हणून कुणी हात लावत नाही, तेव्हा आई श्यामला मदतीला पाठवते. साने गुरुजींनी हे लिहिलं आणि पुढे १९४७ साली मंदिरप्रवेशासाठी पंढरपूरला उपोषणही केलं. त्या माणसाबद्दल बोलताना माझा आवाज खालीच येतो. पण मोठेपणी, शिक्षिका झाल्यावर ती गोष्ट पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की मोळी डोक्यावर चढल्यावर आपण श्यामबरोबर घरी परततो. ती म्हातारी कुठे गेली? तिच्याकडे चूल पेटली का? घरी एखादी नात वाट बघत होती का? ती नात म्हणजे मी होते.

आमची माणसं पुस्तकात नव्हतीच असं नाही. मोलकरीण होती, हमाल होता, भाजीवाली होती. ती दारापर्यंत यायची, कामापुरतं बोलायची आणि जायची. गोष्ट त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी कधी गेली नाही.

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९९० साली मांडलं की मुलांसाठी पुस्तक कधी खिडकी असतं, तर कधी आरसा. मला आरसा मिळाला नाही, हे मला ठाऊकच होतं. दुसरी बाजू कालच्या फोनवर कळली. मैत्रीण म्हणाली, “तुझी आई अकरा वर्षं आमच्याकडे येत होती. तुमचं घर मी एकदाही पाहिलं नाही. मनात यायचं, पण ते कसं असेल याचं चित्रच डोळ्यांपुढे येत नसे.” म्हणजे मला आरसा नव्हता आणि तिला खिडकी नव्हती. तोटा दोघींचा झाला.

हे सगळं तेव्हा लिहिलंच गेलं नव्हतं का? लिहिलं गेलं होतं, आणि याच पुण्यात. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. एका शाळकरी मुलीनं आपल्या माणसांचं खरं सांगितलं, त्याला माझ्या निबंधाच्या वेळी सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८०चं. ‘उपरा’तलं कैकाड्याचं पोर शाळेत जाण्यासाठी काय काय सोसतं, ते नववी-दहावीच्या मुलाला सहज कळलं असतं. ही नावं मी कॉलेजात ऐकली.

आज मी महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. घराचं चित्र काढा म्हटलं की अजूनही दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि उतरत्या छपराचं घर येतं. वर्गातलं एकही मूल तशा घरात राहत नाही. एकदा मी म्हटलं, “आता तुमचं खरं घर काढा.” वर्ग गप्प. मग एकीनं विचारलं, “बाई, ते पण काढायचं असतं?”

त्यानंतर आम्ही हातानं पुस्तकं बनवू लागलो. त्याच मुलीनं आजीचं पुस्तक केलं. आजी कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांच्या संघटनेत आहे. पहाटे निघते, ओला-सुका कचरा वेगळा करते. शेवटच्या पानावर आजीचं ओळखपत्र काढलंय, तेही पानभर मोठं. वाचनाच्या तासाला ते पुस्तक मिळावं म्हणून आता मुलांची भांडणं होतात.

बाहेरही बदल होतोय. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत मुलं खऱ्या मुलांसारखी बोलतात, हट्ट करतात. मराठीत आलेल्या ‘तोत्तोचान’मध्ये पोलिओ झालेला मुलगा मैत्रिणीच्या मदतीनं झाडावर चढतो, तेव्हा माझा वर्ग श्वास रोखून ऐकतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडत असल्याचं चित्र आलं. ते बघून एकानं विचारलं, “बाई, ह्याचे बाबा आज कामावर गेले नाहीत का?” त्या प्रश्नावर पुढचा अर्धा तास छान गेला.

आता मागणं. आपली बॅच शाळेला भेट देणार आहे. पाण्याचा कूलर, प्रोजेक्टर अशा सूचना आल्यात. माझी सूचना पुस्तकांच्या एका कपाटाची आहे. पण पुस्तकं किलोवर किंवा सवलतीच्या संचात घ्यायची नाहीत. आपण चार-पाच जणांनी ती आधी वाचायची आणि प्रत्येक पुस्तकाला विचारायचं, “ह्यात कोण आहे? आणि कोण फक्त दारापर्यंत येऊन गेलंय?” वस्तीतलं, पाड्यावरचं, मोहल्ल्यातलं, कुबडी घेऊन चालणारं, एकट्या आईचं मूल त्या कपाटात कुठेतरी सापडलं पाहिजे, आणि तेही नुसतं बिचारं म्हणून नाही. त्यानं खोड्या कराव्यात, चोर पकडावा, मारही खावा.

शेवटी, बाई, तुम्ही समोर बसला आहात. तुमचा दोष काहीच नाही. त्या निबंधात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती! पण त्याची दुरुस्त प्रत आज देते.

माझे घर. आमचे घर ओढ्याच्या कडेला आहे. पाऊस वाढला की आई माझी पुस्तके सर्वांत वरच्या फळीवर ठेवते, पिठाच्या डब्याच्याही वर. बाबा घरी आले की त्यांच्या अंगाला मिरच्यांच्या पोत्याचा वास येतो आणि आम्ही सगळे शिंकतो. शिंकता शिंकता हसतो. रात्री पाच जण एका ओळीत झोपतो. मी कडेला झोपते, कारण पत्र्याच्या भोकातून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तिथेच पडतो आणि त्यात मला वाचता येते. आमच्या अंगणात पारिजातक नाही. पण आई कामावरून येताना पदरात फुले घेऊन येते.

बाई, तपासून द्या. गुण कितीही द्या.