उंबरठ्याबाहेरचे पहिले पाऊल
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक अहवाल आपल्या हाती आहेच. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, किती दाखल झाले, याचा हिशेब त्यात आहे. परंतु घराचा उंबरठा ओलांडण्याचीच ज्यांना भीती वाटते, ते त्यातील कोणत्याही रकान्यात दिसत नाहीत. त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

या व्याधीस वैद्यकशास्त्रात ‘अ‍ॅगोराफोबिया’ म्हणतात. बर्लिनचे डॉ. कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली हे नाव दिले. ‘अगोरा’ म्हणजे ग्रीक नगरातील बाजाराचा चौक. समुद्रपूरचा आठवडी बाजार, जामचा चौरस्ता किंवा हिंगणघाटची भरलेली एसटी, भीतीचे रूप तेच. छाती धडधडते, घाम फुटतो, पाय लटपटतात, आता आपण कोसळणार असे वाटते. मग ती जागा टाळली जाते, आणि टाळता टाळता माणसाचे जग चार भिंतींपुरते उरते.

आपल्याकडे हा आजार ओळखू येणे अधिकच अवघड. शेतावर जाणे सोडलेला पुरुष चार दिवसांत गावाच्या नजरेत भरतो. पण घराबाहेर न पडणारी सून ‘मोठी गुणाची’ ठरते. कोणी बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात. दरम्यान तिचा मधुमेह वा रक्तदाब तपासणीवाचून वाढत राहतो, माहेर तुटते, मुलांची शाळा तिला दिसत नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्हांस हे सारे कर्जासारखे भासते. बाहेर जाणे टाळले की त्या क्षणी सुटका वाटते, ती उचल होय. तिचे व्याज भीतीच्या रूपाने चढते, आणि तेही चक्रवाढ. या कर्जाची फेड एकरकमी होत नाही, हप्त्यांनीच होते.

प्रथम डॉक्टरांकडून हृदय, थायरॉईड व रक्तक्षय यांची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर पायऱ्या ठरवाव्यात: आज अंगणापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग किराणा दुकान, मग एसटीने जाम, पुढे गिरडच्या टेकडीवरील दर्गा. भीतीची लाट सामान्यतः काही मिनिटांत शिखर गाठते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत संथ श्वास घेत तेथेच थांबावे. मध्येच परतल्यास भीती बळावते. एक पायरी अंगवळणी पडल्यावाचून दुसरी चढू नये.

कुटुंबीयांनी ‘नाटक करू नकोस’ असे कदापि म्हणू नये. तसेच तिची सर्व कामे स्वतःच उरकून भीतीला घरात आसनही देऊ नये. आरंभी सोबत चालावे, मग दहा पावले मागे राहावे, मग थांब्यावर वाट पाहावी. झोपेच्या वा धडधडीच्या गोळ्या मनाने आणून देऊ नयेत; त्यांतील काहींची सवय लागते. औषधे मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. परंतु दारापर्यंत न येऊ शकणाऱ्यास तेथवर जाणे दूरच. अशांसाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या विनामूल्य समुपदेशन मिळते. उपचाराचा पहिला हप्ता तेथूनच भरता येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासही विम्याचे संरक्षण देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे, हेही कुटुंबीयांनी ध्यानी ठेवावे.

विश्वस्त मंडळापुढे आमची एक विनंती आहे. पुनर्तपासणीस न आलेल्या रुग्णांच्या घरी आशा स्वयंसेविकांच्या साहाय्याने चौकशी व्हावी, आणि ‘बाहेर पडण्याची भीती वाटते काय?’ हा प्रश्न त्यांना आवर्जून विचारला जावा. देणगीदारांनी खाट दिली, यंत्र दिले. आता त्या खाटेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी समुपदेशकाच्या प्रवासखर्चाचा भार उचलावा. अशा घरी कोणी गेले, तरच पुढील अहवालात त्या रुग्णाची नोंद होईल.