बाळगोपाळांच्या घरांतील स्पीकर



स्पीकर विकत घ्यावयाचा म्हणजे आपण प्रथम कान लावतों. स्वर स्वच्छ येतो कीं नाहीं, डग्गा नीट घुमतो कीं नाहीं, हें पाहतों. घरांत केवळ प्रौढ माणसें असतील तर ही परीक्षा पुरेशी आहे. परंतु ज्या घरांत नुकतें पाऊल टाकूं लागलेलें मूल आहे आणि जोडीला एखादें मांजर किंवा कुत्रें आहे, तेथें पहिला प्रश्न निराळाच विचारला पाहिजे: धक्का लागला असतां ही पेटी उभी राहील काय?

आपल्या देवघरांतील समई पाहा. ती उंच असूनहि सहसा कलंडत नाहीं, कारण तिची बैठक रुंद आणि जड असते. जमिनीवर उभे करावयाचे उंच स्पीकर पुष्कळदां याच्या उलट असतात. समजा, एक पेटी १०० सेंटिमीटर उंच, २० सेंटिमीटर रुंद आणि २० किलो वजनाची आहे व तिचा भार सर्वत्र सारखा आहे. तिच्या माथ्यावर बाजूनें अवघ्या २ किलो वजनाइतका जोर पडला कीं ती उचलूं लागते, आणि सुमारें ११ अंश कलली कीं स्वतःच्या भारानेंच कोसळते. खालीं पाय जोडून बैठक ३६ सेंटिमीटर केली, तरी हा जोर साडेतीन किलोंच्या थोडा वर जातो, इतकेंच. दहा किलोंचें मूल आधारासाठीं तिला बिलगलें, तर एवढा जोर सहज पडतो, आणि मग २० किलोंची पेटी कोणाच्या अंगावर येईल हें सांगावयास नको.

बारीक स्टँडवर ठेवलेली लहान पेटी तर याहूनहि बेभरवशाची. कारण तेथें भार माथ्यावर असतो. पोकळ स्टँडांत कोरडी वाळू भरल्यानें कांहीं आधार मिळतो, पण धांवत्या कुत्र्यापुढें तो पुरेसा मानूं नये.

मग लहान पेटी घेतली तर खर्जाला मुकावें लागेल काय? तशी धास्ती नको. १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर व्हिलचर यांच्या रचनेचा एआर-१ हा स्पीकर निघाला. त्यांत बंद पेटींतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केलेला होता, आणि आटोपशीर पेटींतूनहि भरदार खर्ज निघतो हें त्यानें दाखवून दिलें. शिवाय भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज अधिक भरून येतो. बंद पेटीचा आणखी एक लाभ असा कीं, मुलांना खेळणीं कोंबावयास तिला भोंकच नसतें.

तेव्हां अशा घरांत लहान, बंद पेटी भिंतीवर लावावी, हें उत्तम. ब्रॅकेट पेटीचें वजन पेलणारें असावें, आणि स्क्रू केवळ गिलाव्यांत न राहतां विटेंत किंवा काँक्रिटांत घट्ट बसला पाहिजे. पेटी कानाच्या पातळीहून वर जात असेल, तर तिचें तोंड श्रोत्यांकडे किंचित् खालीं झुकवावें. भिंतीला भोंक पाडण्याची मुभा नसेल, तर बुटक्या, जड कपाटावर मागच्या बाजूस पेटी ठेवून पट्ट्यानें बांधावी. मात्र मूल खण ओढून वर चढतें, हें ध्यानांत ठेवून कपाटहि पक्कें असावें.

लोंबती तार ओढली तर पेटीहि खालीं येते. म्हणून तार केसिंग पट्टींतून न्यावी. कुत्र्याचें पिल्लू विजेची तार चावूं लागलें तर प्राणावर बेतेल, हेंहि विसरूं नये. कापडी जाळी मांजराच्या नखांना आमंत्रणच आहे, आणि ट्वीटरचा नाजूक घुमट बोटाच्या एका दाबानें आंत जातो. धातूची जाळी घेतल्यास दोन्ही धोके टळतात.

दुकानांत उंच स्पीकरच मनांत भरला, तर गाणें ऐकून झाल्यावर विक्रेत्याच्या परवानगीनें त्याच्या माथ्यावर बोट ठेवून हलकेंच ढकलून पाहा. बोटानें जो डुलूं लागतो, त्याचा स्वर कितीहि गोड असो, तो आपल्या घरासाठीं नव्हे.